चार वीत

"हा माल नाही, आमटी झालीय," मालन म्हणाली. "भात आणू का?"

मी घमेल्यापुढे थापी धरून बसलो होतो. सिमेंट-वाळूच्या कालवणाला गवंडी माल म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. पाणी किती घालायचं ते ठाऊक नव्हतं. विटेवर ठेवलेला माल ओघळून माझ्या पायाच्या बोटांत शिरत होता.

"गप बस. वाळू टाकतो थोडी."

"मघाशी वाळू टाकलीत. मग पाणी. मग परत वाळू. असंच चाललं तर अंगण भरेल."

"तुला येतंय का? ये, कर."

"मला कुठं येतंय? टर्नर तुम्ही."

हा टोमणा लागला, कारण तो माझाच शब्द होता. कुपवाडच्या एमआयडीसीत मी लेथवर काम करायचो. केसाएवढा फरक पडला तरी आमचा नग परत यायचा, आणि माझा नग कधी परत आला नव्हता. बाबालाल गवंडी म्हणाला होता, "मला दुसरीकडं स्लॅबचं काम लागलंय, पंधरा दिवस वेळ मिळत नाही. कडप्पा चढवायला बुधवारी संध्याकाळी तासभर माणसं घेऊन येतो. खालचे विटांचे पाय तेवढे कोणाकडून बांधून घ्या." तेव्हा मीच छाती काढून म्हणालो होतो, "कोणाकडून कशाला? मी टर्नर आहे."

१९८६ साल. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सोसायटीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. बाहेरची खोली राहण्यासारखी होती. आतल्या खोलीत चार भिंती, एक नळ आणि कोपऱ्यात उभी केलेली काळी कडप्पा फरशी, एवढंच. स्वयंपाकाचा ओटा व्हायचा होता, आणि तो गुरुवारच्या आत व्हायला हवा होता. गुरुवारी एक तारीख होती. एक तारखेला सकाळी सहा वाजता मालनला सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून हजर व्हायचं होतं. पत्रात तसं लिहिलं होतं. हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला.

ओट्याचा आणि नोकरीचा संबंध माझ्या तोंडामुळे जुळला होता. आधी आम्ही मिरजेला माझ्या थोरल्या भावाकडे राहायचो. मालनचं नोकरीचं पत्र आलं तेव्हा अण्णा जेवता जेवता म्हणाले, "बाई सकाळी सहाला ड्युटीवर गेली तर गॅस कोण पेटवणार?"

मी म्हणालो, "मी पेटवीन. सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळचा तिचा."

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना पळी खाली ठेवावी लागली. "भाऊजी, तुम्हाला चहाचं आधण तरी कळतं का?"

"शिकेन. फक्त जमिनीवर बसून, वाकून माझ्याच्यानं होणार नाही. माझी पाठ माहितीय तुम्हाला. उभ्यानं करायचा ओटा झाला की बघा."

सगळे हसले. मालन हसली नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताटात पोळी वाढली. महिन्याभरात आम्ही या घरात राहायला आलो.

तर त्या सोमवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आठपासून आम्ही विटांशी झगडत होतो. तीन पाय उभे करायचे होते. पहिला पाय दहा वाजेपर्यंत गुडघ्याएवढा झाला. ओळंबा म्हणून मी दोऱ्याला एक जड नट बांधून सोडला, तर नट एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला.

"जरा तिरका आहे," मी म्हणालो.

"जरा?" मालन म्हणाली. "हा दारू पिऊन आलाय."

तो पाडला. दुसऱ्यांदा बांधला. या वेळी सरळ आला, पण वीट हातानं हलवली की मालातून सुटून हातात यायची. मालन म्हणाली, "बाबालालचाचा विटा आधी पाण्यात भिजवतात. मी बघितलंय."

"कशाला भिजवायच्या? मालात पाणी आहेच की."

"मला काय माहीत? भिजवतात एवढं बघितलंय."

मी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा बांधला, तिसऱ्यांदा विटा सुटल्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, हे मला बाराच्या सुमाराला कळलं. तोवर मालननं न विचारता पन्नास विटा आळीपाळीनं बादलीत बुडवून काढल्या होत्या. मला त्याचाही राग आला. आपलं चुकलं आणि दुसऱ्यानं आधीच सावरून ठेवलं, यासारखा राग नाही.

एवढ्यात टेप घमेल्यात पडली. टेप म्हणजे मापाची, पोलादी, गुंडाळणारी. मी ती काढून नळाखाली धुतली. नको होतं धुवायला. सिमेंटचं पाणी आत गेलं आणि पट्टी आखडून बसली. मी ओढली, मालननं ओढली, मग डबी मी पायात धरली आणि पट्टी तिनं पकडीनं ओढली. पट्टी तुटून मालन विटांच्या बादलीवर बसली.

मी हसलो असतो, पण तेवढ्यात खाली पडलेली डबी उचलायला वाकलो आणि पाठीत कळ आली. शाळेत असताना मी चिंचेवरून पडलो होतो, तेव्हापासूनचं ते दुखणं. लेथपुढं आठ तास उभं राहिलो तरी काही नाही. वाकायचं काम आलं की तासा-दोन तासांत पाठ धरायची. आणि आज मी सकाळपासून वाकलेलोच होतो.

मी भिंतीला धरून उभा राहिलो. समोर पडलेल्या विटा, पायात वाळू, हातात तुटकी टेप. डोकं फिरलं. म्हणालो, "मरू दे हा ओटा. एवढं काय अडलंय त्याच्यावाचून? नोकरीच्या जागा परत निघतील की. सहा महिन्यांनी बघू."

मालन ओलं लुगडं पिळत होती. ती थांबली. मला वाटलं, आता बोलेल. तिला बोलता यायचं, चांगलं बोलता यायचं. पण ती म्हणाली, "पाठ फार दुखतेय का?"

"मग काय नाटक करतोय?"

"तसं नाही म्हटलं. पडा जरा. पोती अंथरते."

तिनं सिमेंटची रिकामी पोती झटकून जमिनीवर घातली. मी उताणा पडलो आणि पडल्या पडल्या झोपलो.

जाग आली तेव्हा ऊन दारातून आत आलं होतं. मालन माझ्या उजव्या हाताजवळ उकिडवी बसली होती. तिच्या हातात सुतळी होती.

"काय करतेस?"

"सुतळी गुंडाळतेय. उठा, चहा झालाय."

मी चहा प्यायला बसलो. मला वाटत होतं, तीच म्हणेल, राहू दे, सहा महिन्यांनी बघू. मग मला पुढे बोलायला नको. ती म्हणाली, "विटा भिजल्यात. माल मी कालवते, तुम्ही नुसतं रचा. मी खाली बसून विटा देते, म्हणजे तुम्हाला फार वाकायला नको."

"आणि माप कशानं घेऊ? टेप गेली. दुकानं आज बंद. माझी पट्टी कारखान्यातल्या कपाटात."

"वितीनं घ्या."

"वितीनं?" मी कपाळाला हात लावला. "अगं, वीत काय माप आहे का? आमच्याकडं केसाचा हिशेब असतो."

"ओटा लेथवर नाही बसवायचा. माझ्या आईनं आमच्या घरापुढच्या सोप्याचं सगळं काम वितीनं करून घेतलं. अजून उभा आहे."

"बरं बाई. किती वीत उंच करू तुझा ओटा?"

"चार वीत," ती लगेच म्हणाली.

मी भिंतीला हात लावून जमिनीपासून चार वेळा वीत टाकली. चौथ्या वितीच्या टोकाला कोळशानं खूण केली. "इथं?"

ती लांब उभी राहून बघत होती. खुणेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हां. तिथंच. वर फरशीची जाडी येईल ती धरून."

"म्हणजे फरशीचा माथा इथं?"

"हां."

संध्याकाळपर्यंत तिन्ही पाय उभे राहिले. सरळ होते. मालननं कालवलेला माल पिठाच्या गोळ्यासारखा होता, जरा घट्ट, पण ओघळला नाही. मी तसं बोललो नाही. मंगळवारी मी कामावर गेलो. तिनं दिवसभर पायांवर पाणी मारलं.

बुधवारी संध्याकाळी बाबालालचाचा तीन माणसं घेऊन आला. कडप्पा चौघांनी उचलला, मी पाचवा म्हणून नुसता ओरडत होतो. मालावर फरशी बसली. बाबालालनं लेव्हल लावली, ठोकलं, परत लावली. "वा रे टर्नर," तो म्हणाला. मी मिशीतल्या मिशीत हसलो. पहिल्यांदाच त्या तीन दिवसांत कोणीतरी चांगलं बोललं होतं.

मग तो मागे सरकला आणि म्हणाला, "वहिनी, या इथं उभ्या राहा बघू."

मालन ओट्यापुढे उभी राहिली. ती बुटकी होती, माझ्या खांद्याच्याही खाली. फरशी तिच्या कोपराच्या बरीच वर आली. ती दुकानात उधारी मागायला आल्यासारखी दिसत होती.

बाबालालची माणसं हसली. बाबालाल म्हणाला, "ओटा बांधलाय का काउंटर? इथं कणीक मळायची तर वहिनींना झाडावर चढावं लागेल."

माझ्या लक्षात आलं. एका क्षणात आलं. मी तिचा पंजा डोळ्यापुढे आणला आणि माझा पंजा बघितला. तिची वीत माझ्या वितीपेक्षा दीड-दोन बोटं आखूड. चार वितींत सहा इंच सहज.

"तुझी वीत!" मी ओरडलो. "तू तुझ्या वितीनं चार म्हणालीस आणि मी माझ्या वितीनं मोजलं! वीत म्हटलं की कोणाची वीत ते सांगायला नको? मी म्हटलं होतं, वीत हे माप नाही म्हणून! म्हटलं होतं का नाही?"

"म्हटलं होतं," मालन म्हणाली.

"समोर उभी होतीस! खूण दाखवली तर हां म्हणालीस! डोळे कुठं होते तुझे?"

"मुरली, एवढं काय," बाबालाल म्हणाला. "फरशीखालचा माल ओला आहे, विटांचा अजून कच्चा आहे. आत्ता फरशी उतरवतो, तिन्ही पायांचे दोन-दोन थर काढतो, परत चढवतो. सहा इंच जातात. पण आज नाही जमायचं, अंधार पडेल. रविवारी येतो."

रविवार. उद्या एक तारीख. मी मालनकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, रागाच्या आत कुठंतरी मला सुटल्यासारखंही वाटलं. ओटा नाही, तर माझा शब्दही नाही. आणि चूक तिची. मी म्हणालो, "काढा चाचा. काढा फरशी. नोकरीचं काय करायचं ते बघू मग."

"काढू नका," मालन म्हणाली.

"तू गप. तुला यातलं कळत—"

"चाचा, चहा ठेवलाय बाहेर. माणसांना द्या जरा. पाच मिनिटं."

बाबालाल शहाणा माणूस. त्यानं माणसं बाहेर काढली, पण स्वतः दारातच उभा राहिला. मालननं पदराच्या गाठीतून ती सुतळी काढली. सुतळीला एका टोकाला गाठ होती आणि पुढे काही अंतरावर दुसरी गाठ.

"हात द्या तुमचा," ती म्हणाली.

"कशाला?"

"द्या तर."

तिनं माझा पंजा ओट्यावर पसरला आणि सुतळीवर ठेवला. एक, दोन, तीन, चार. चौथ्या वितीला दुसरी गाठ बरोबर करंगळीखाली आली.

"मी माझी वीत कधी म्हटलं?" ती म्हणाली. "तुमचीच म्हटलं. सोमवारी तुम्ही झोपला होता तेव्हा टाचेपासून कोपरापर्यंत सुतळी धरली. त्यातून पोळपाटाची उंची आणि वर चार बोटं वजा केली. मग तुमचा हात पसरून बघितला. चार वीत भरली."

मी हात मागे घेतला. "पण ओटा तुझा."

"सकाळचा तुमचा ना? मिरजेत चारचौघांत बोललात." ती अजिबात आवाज चढवत नव्हती. "माझ्या उंचीचा केला असता तर पहिले चार दिवस तुम्ही वाकून पोळ्या केल्या असत्या. पाचव्या दिवशी म्हणाला असतात, पाठ दुखते, जमत नाही. आणि ते खरंच असतं, मला काही बोलता आलं नसतं. म्हणून म्हटलं, ते कारणच ठेवायचं नाही."

दारात बाबालाल खोकला. हसू आलं की तो खोकायचा.

"आणि तू?" मी म्हणालो. "तू कशी करणार इथं?"

"मी काहीतरी पायाखाली घेईन. मला उंच होता येतं. तुम्हाला बुटकं होता येत नाही."

मी बाबालालकडे बघितलं. तो म्हणाला, "काय करू मुरली? काढू फरशी?"

मी ओट्यापुढं उभा राहून हात टेकवून बघितले. ती दोघं वाट बघत होती. शेवटी म्हणालो, "राहू दे."

"सकाळपर्यंत जोरात आपटू नका," बाबालाल म्हणाला आणि चहा प्यायला गेला. घरी जाताना त्यानं माणसांकडच्या, स्लॅबखाली लावतात त्या सेंट्रिंगच्या दोन फळ्या घेतल्या आणि त्यांची सहा इंच उंचीची एक चौकी ठोकून दिली. मालन लगेच तिच्यावर चढून उभी राहिली, हात ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "झालं. स्टेज पण आलं."

गुरुवारी सकाळी साडेचारला तिनं मला उठवलं. मी पिठलं केलं आणि सहा पोळ्या. ती वेणी घालत मागे उभी राहून सांगत होती, हात लावत नव्हती. पिठल्यात डाव फिरवून तिनं बघितलं.

"माल पातळ झालाय," ती म्हणाली. "पीठ टाका."

तेच डब्यात घेऊन ती सायकलवर सहाच्या ड्युटीला गेली.

पुढं मी सकाळचा स्वयंपाक किती दिवस केला? चार महिने नक्की केला. पाचवाही केला असेल. मग कारखान्यात जादा काम आलं. मग थोरली मुलगी झाली, तेव्हा मालन रजेवर घरीच होती, मग तीच करायची. रजा संपली तरी तीच करायची. कोणत्या दिवशी मी थांबलो ते आठवत नाही. भांडण झालं असतं तर आठवलं असतं. ती साडेचारला उठायची, चौकीवर चढायची, सकाळचं करायची, ड्युटीला जायची, आणि येऊन परत चौकीवर चढायची. चौकीच्या फळ्या दोनदा बदलल्या. त्या मी बदलल्या, एवढं माझं काम.

पाहुणे आले की एखादी बाई हमखास विचारायची, "अगंबाई, तुमचा ओटा एवढा उंच कसा?"

मालन म्हणायची, "ह्यांच्या मापाचा आहे." तिथंच थांबायची. पुढं काही सांगायची नाही.

मी पेपर उघडायचो.

गेल्या भाद्रपदात मालन गेली. दवाखान्यात तीन आठवडे होती. शेवटच्या दिवसांत तिला बोलायला त्रास व्हायचा, तरी नर्सला विचारायची, ह्यांनी जेवण केलं का. तेरावं झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी डबा लावून देते. नाहीतर माझ्याकडं चला." मी नको म्हटलं. मग म्हणाली, "निदान हा ओटा तरी फोडून नीट करून घेऊ. आईला आयुष्यभर त्या चौकीवर चढवलं या ओट्यानं."

"ओट्यानं नाही," मी म्हणालो. तिला समजलं नाही. मी समजावलं नाही.

चौकी अजून ओट्याखालीच आहे, निम्मी बाहेर. रोज सकाळी नडगीला लागते. रोज मी चिडतो आणि रोज ती तशीच ठेवतो. मग गॅस पेटवतो. माझी उंची वयानं थोडी कमी झाली असेल, पण हात ओट्यावर बरोबर टेकतात. पोळपाट मांडतो, वर चार बोटं जागा राहते.

पोळ्या गोल येत नाहीत. पिठलं अजून पातळ होतं, मग मी पीठ टाकतो. सहासष्ट वर्षांचा आहे, तासभर उभा असतो.

पाठ दुखत नाही.